पिवळ्या काठाचं झाड

मंगळावर संध्याकाळ निळी असते. दिवसभर तांबूस धुळीनं भरलेलं आकाश मावळत्या सूर्याभोवती हलकेच निळं होतं आणि काचेच्या घुमटाखालची सगळी वस्ती थोडा वेळ झोपेत चालल्यासारखी वाटते. अशाच एका संध्याकाळी ऋजुता रोपघरात (वस्तीची झाडं वाढवायच्या दालनात) उकिडवी बसून कुंड्यांकडे बघत होती. काही केल्या तिला उलगडा होत नव्हता.

कुंड्यांमध्ये स्नेक प्लांट या उभ्या, जाडसर पानांच्या झाडाची पिल्लं, म्हणजे नवी रोपं, उगवली होती. ताठ, टवटवीत, निरोगी आणि सगळीच्या सगळी हिरवीगार. ज्या झाडाच्या पानांपासून ती केली होती त्याच्या प्रत्येक पानाला तर लुगड्यासारखा पिवळाधमक काठ होता. मग पिल्लं बिनकाठाची कशी?

एरवी तिनं हे हसण्यावारी नेलं असतं. पण तिची मैत्रीण शाल्मली दोन दिवसांनी वस्ती सोडून चालली होती. शाल्मलीचे आईबाबा बर्फ खणणाऱ्या पथकात होते आणि त्यांची बदली उत्तर ध्रुवाजवळच्या नव्या वस्तीत झाली होती. तिथे हिवाळ्यात कित्येक महिने सूर्य उगवतच नाही. त्या अंधाराची शाल्मलीला फार भीती वाटत होती आणि ते तिनं फक्त ऋजुताला सांगितलं होतं. तेव्हा ऋजुतानं शब्द दिला होता, "तुला पिवळ्या काठाचं झाड देईन. रोज काहीतरी पिवळं दिसेल तुला."

तसं झाड सबंध वस्तीत एकच होतं. एकाची अनेक करायची म्हणून ऋजुतानं मंगळावरची माणसं सगळं जसं करतात तसंच केलं, म्हणजे बटाट्यासारखं. तिथे बटाट्यावाचून कुणाचं पान हलत नाही. बटाट्याचा तुकडा लावला की तस्साच बटाटा येतो, हे तिथली पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. तिनं खुरपं नावाच्या बागकाम करणाऱ्या यंत्रमानवाला पानांचे तुकडे करून लावायला सांगितलं. खुरपं भलतंच आज्ञाधारक. त्यानं एकूण एक पान कापलं आणि वस्तीत कुंडी उगाच अडवायची नाही असा नियम असल्यामुळे उरलेला बुडखा काढूनही टाकला. पिल्लं फुटेपर्यंत लावलेले तुकडेही सुकून गेले आणि आता कुठेच पिवळं पान उरलं नव्हतं.

तिचे आजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी पिल्लं पाहिली आणि आधी चक्क हसले. ऋजुताला त्यांचा रागच आला.

"हसू नका ना, आजोबा. मी शब्द दिलाय तिला," ती म्हणाली.

आजोबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मग त्यांनी विचारलं की करंजीच्या काठाला सारण असतं का? नसतं, ती फुरंगटून म्हणाली, काठाला नुसती पारी. आजोबा म्हणाले, तसंच हे पान आहे. त्याच्या आत पेशींचे (सजीवांच्या शरीरातल्या अगदी बारीक घटकांचे) दोन वेगळे थर असतात. आतल्या पेशींना हरितद्रव्य बनवता येतं. हरितद्रव्य म्हणजे पानाला हिरवं करणारा आणि उजेडाच्या मदतीनं अन्न तयार करणारा पदार्थ. बाहेरच्या थराला ते जमत नाही, म्हणून तो पिवळा. पानाच्या मध्यभागी हा थर इतका पातळ असतो की आतलं हिरवं दिसतं. काठाला मात्र नुसती पारीच असते. अशा दोन तऱ्हांच्या पेशींनी मिळून झालेल्या झाडाला कायमेरा म्हणतात.

"म्हणजे पिवळा काठ उपाशी?"

"हिरवं त्याला भरवतं. पुरून उरतं दोघांना."

बाहेरचा निळा उजेड कुंड्यांवर उतरला होता. ऋजुतानं हळूहळू मनातलं जुळवलं. पानाच्या तुकड्यापासून नवं पिल्लू निघतं ते आतून, म्हणजे सारणातून. त्याला पारी मिळतच नाही. आजोबांनी मान डोलावली. बटाट्याच्या तुकड्यावर डोळा (तयार अंकुर) आधीपासून असतो, पानावर नसतो, एवढाच फरक तिच्या लक्षात आला नव्हता. या झाडाचे डोळे, आजोबा म्हणाले, मातीखालच्या गड्ड्यावर असतात आणि त्या डोळ्यांत दोन्ही थर एकावर एक तयार असतात.

गड्डा म्हणजेच तो टाकलेला बुडखा. दोघं खतघराकडे जवळजवळ पळतच निघाली. खुरप्यानं तो कोरड्या कचऱ्याच्या पेटीत ठेवला होता, कारण वाळल्याशिवाय काही कुजवायचं नाही हाही नियम. हे झाड मोठं चिवट. सुरकुतलेल्या तपकिरी गड्ड्याच्या एका बाजूला पांढरा टोकदार डोळा जिवंत होता. एकच.

एवढ्यातच गड्डा कापला तर दोन्ही तुकडे मरतील, आजोबांनी स्पष्ट सांगितलं. वाढू दे, डोळे वाढले की वाटता येईल. पण शाल्मलीची गाडी तर परवा निघणार होती. तो गड्डा दिला तर वस्तीतला पिवळा रंग गेला आणि ठेवला तर शब्द गेला. ऋजुताला त्या रात्री फार वाईट वाटत राहिलं. आपल्याला तो नको आहे असं तिला स्वतःलाही पटवता आलं नाही.

निघताना तिनं शाल्मलीच्या हातात मातीनं माखलेला तो गड्डा ठेवला. यात पिवळं कुठे आहे, शाल्मलीनं विचारलं. आत आहे, थोडे दिवस थांब, असं ऋजुतानं सांगितलं आणि पारी-सारणाची सगळी गोष्ट गाडी सुटेपर्यंत समजावली.

हिरव्या पिल्लांना ती रोज पाणी घालत राहिली. ध्रुवावर सूर्य मावळून बरेच दिवस झाले तेव्हा शाल्मलीकडून एक छायाचित्र आलं. दिव्याखाली एक पान उभं होतं आणि त्याला दोन्ही बाजूंनी पिवळा काठ होता. बुडाशी माती बाजूला सारून शाल्मलीनं बोट दाखवलं होतं. तिथे आणखी एक पांढरा डोळा वर येत होता.

खाली तिनं लिहिलं होतं, "हा तुझा. वाढला की पाठवते."