मॅग्नेटला लावलेलं हळदीकुंकू

दसऱ्याची सुट्टी संपवून कुरुळीच्या कारखान्यातलं, पत्रे दाबून भाग बनवणारं प्रेस शॉप सुरू झालं आणि पहिल्याच फेरीत क्रेनच्या मॅग्नेटला लटकलेला पोलादी पत्रा धाडकन खाली आला. मेंटेनन्सचा प्रज्वल हातभर अंतराने वाचला. रिमोट धरलेली योगिनी पांढरीफटक पडली. आजवर त्याच्याशी ती धड एक शब्द बोलली नव्हती. आणि हा बाबा पत्रा सोडून तिच्याकडेच बघत होता...

"सुटला ना?" सुपरवायझर बबनराव गरजले. "तरी मी म्हणत व्हतो, पोरीच्या हाती क्रेन देऊ नका. उद्यापासून पॅकिंगला!"

"साहेब, माझी चूक," प्रज्वल घाईने म्हणाला. "मीच मॅग्नेटचा मेन स्विच पाडला."

झालं! योगिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पॅकिंग टळलं, पण कुणाच्या मेहेरबानीवर? शॉपमध्ये क्रेन चालवणारी ती एकटी मुलगी. आता टपरीवर चर्चा काय, तर पोराने पोरीला वाचवलं!

जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला गाठलं.

"खोटं का बोललात? मी भीक मागितली व्हती?" राग आला की तिच्या तोंडी गावची बोली यायची.

"तुम्हाला पॅकिंगला टाकलं असतं की वो..." लातूरचा प्रज्वल पुटपुटला.

"टाकू द्या! स्विच पडला असता तर मॅग्नेटचा दिवा विझला असता. तो चालू होता. मग पत्रा पडला कसा? कारण सापडलं न्हाई तर उद्या कुणाच्या तरी टाळक्यात पडंल. तुमच्याच! सारखे माझ्या क्रेनखाली घुटमळता ना!"

प्रज्वल कानापर्यंत लाल झाला.

तिने मॅग्नेट कमरेपर्यंत खाली घेतलं आणि वाकून त्याच्या पोटाखाली हात फिरवला. तळवा पिवळाधमक झाला. हळदीकुंकवाचा जाड थर, त्यात चेचलेला झेंडू.

"हे बघा! पत्रा मॅग्नेटला घट्ट चिकटला तरच पुरी ओढ लागते. मधे एवढंसं काही आलं तरी जोर जातो. हा शहाणपणा कुणी केला?"

आवाज ऐकून बबनरावही आले होते.

"मी..." प्रज्वल म्हणाला. "खंडेनवमीला सगळ्या मशीनला हार पडले. तुमच्या मॅग्नेटकडे कुणी बघितलंच नाही. लई वाईट वाटलं. म्हणून मग... जरा जास्तच लावलं." तो बबनरावांकडे वळला. "साहेब, स्विचचं खोटं होतं. यांची काहीच चूक नाही."

"ऐकलंत?" योगिनी कडाडली. "आणि पोरीच्या हाती क्रेन देऊ नका म्हणालात, त्याचं काय?"

बबनरावांनी टोपी सारखी केली. "चुकलं, बाई. रिमोट तुझ्याकडंच ठेव."

ते गेले. प्रज्वल फडक्याने मॅग्नेट पुसू लागला.

"आधी खोटं, मग सगळ्यांसमोर खरं. माणसाने रागवायचं तरी कशाकशावर?"

"रागवा की. मला आवडतं... म्हणजे तुम्ही—"

"वाक्य पुरं करा."

"तुम्ही आवडता."

योगिनीने फडकं हिसकावलं. हातावरची हळद काही केल्या निघेना.

"रविवारी घरी या. माझ्या दादांसमोर हेच बोलायचं, न अडखळता," ती फणकारली. "फक्त तुमच्यापुरतं. तुम्ही मला आवडता, ते माझं मी सांगेन. ते अंगावर घ्यायचं न्हाई!"