अप्पांची साखर चढली कशी?

वडा नाही, भजी नाही, आइस्क्रीमकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. तरी अप्पांच्या मनगटावरचा साखर मोजणारा पट्टा नारिंगी झालाच कसा? स्पृहा अगदी रडकुंडीला आली होती.

आजोबा आणि नात या अंतराळ-उद्यानात आले होते ते फक्त तरंगविमानासाठी. हे विमान उंच चढतं आणि मग असं काही खाली झेपावतं, की आतली माणसं वीसेक सेकंद चक्क हवेत तरंगतात (याला वजनरहित अवस्था म्हणतात). अप्पांनी उभी हयात अंतराळयानांची गणितं मांडली, पण स्वतः ते कधी वीतभरसुद्धा तरंगले नव्हते. आणि आज दारावरच्या ताईंनी त्यांना अडवलं.

"आजोबा, रक्तातली साखर फार वाढलीय. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीपर्यंत पट्टा हिरवा झाला तर या."

दुसऱ्या दिवशी पहाटे परतीची गाडी होती. म्हणजे आज नाही, तर कधीच नाही!

"नाश्ता मीच निवडला," स्पृहा मुसमुसत म्हणाली. "उपवासाची थाळी म्हणजे हलकी असणार ना!"

"एकादशी अन् दुप्पट खाशी, असं काय उगाच म्हणतात?" अप्पा हसले खरे, पण चेहरा पार उतरला होता. साबुदाण्याची खीर, बटाट्याची भाजी आणि पेलाभर मोसंबीचा रस, सगळं दोघांनी चाटूनपुसून संपवलं होतं.

जेवायची वेळ झाली. भोजनगृहात एक यंत्रमानव वाढत होता. त्याचं पोट काचेचं होतं.

"आग्रह करायची मला मनाई आहे," तो म्हणाला. "पण विचारलंत तर सगळं सांगेन."

स्पृहाने विचारलंच. यंत्रमानवाने चमचाभर शिजलेला साबुदाणा गिळला. काचेतून दिसलं: इवल्या कात्र्या धावल्या आणि दाण्यांच्या लांब माळा कचाकच तुटल्या.

"पिष्ट (धान्यांत, कंदांत साठलेलं अन्न) म्हणजे साखरेच्या मण्यांची माळच. विकर (अन्नाचे तुकडे करणारी रसायनं) ती तोडतात. साबुदाणा बनवताना कंदाचा चोथा धुऊन काढतात, उरतं नुसतं पिष्ट. कात्र्यांना अडवणारं कोणी नाही. सगळी साखर एकदम रक्तात!"

मग त्याने मटकीची उसळ गिळली. कात्र्या सालांत, तंतूंत (न पचणाऱ्या धाग्यांत) अडखळल्या. मणी सुटत होते, पण एकेक करून, सावकाश.

"अस्सं होय!" स्पृहाचे डोळे चमकले. "आणि मोसंबीचा रस?"

"तंतू गाळणीत राहिले, साखर पेल्यात आली."

आता ताट तिनेच निवडायचं होतं. समोर 'पौष्टिक' अशी पाटी लावलेला मध घातलेला फळांचा रस होता. अप्पांचा हात तिकडे वळला.

"अप्पा, थांबा! याचे तंतू कुठे गेले?" स्पृहाने असं दटावलं, की अप्पांनी मुकाट्याने हात मागे घेतला.

तिने काकडीची कोशिंबीर, मटकीची उसळ, ज्वारीची अर्धीच भाकरी आणि ताक घेतलं. अप्पांनी आधी कोशिंबीर खाल्ली, मधुमेहाची रोजची गोळीही वेळेवर घेतली. मग दोघं तळ्याकाठी बराच वेळ रमतगमत फिरले, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. पट्ट्याकडे बघायचं नाही, असं ठरवूनही स्पृहा दर वळणावर बघत होती. नारिंगी. पुन्हा नारिंगी. मेलं हे यंत्र बिघडलंय की काय?

शेवटच्या फेरीची घंटा झाली आणि पट्टा हिरवा झाला.

"हुश्श!" स्पृहा मटकन बाकावर बसली. "जीव भांड्यात पडला बाई माझा!" अप्पा तर टाळ्याच पिटायला लागले.

विमान झेपावलं. अप्पांचे पाय जमिनीवरून सुटले, पांढरे केस पिसारले. ते पोरासारखे खिदळत होते. मग स्पृहाला दिसलं, त्यांच्या डोळ्यातलं पाणी गालावर ओघळतच नाहीये. खाली ओढणारं वजन जाणवत नव्हतं, म्हणून थेंब डोळ्याशीच गोल होऊन थांबला होता.

"अप्पा, मंगळावर जायला कितीतरी महिने लागतात ना? तिथल्या ताटात काय वाढायचं, ते मी शोधून काढणार."

"काढ गं बाळा," अप्पा म्हणाले. "पण आधी हे डोळे पूस. मला काही दिसेना, आणि तरंगायचंय अजून!"

तिने बाहीने तो थेंब टिपला.