डावा मागचा पाय

श्रावणची काठी सापडली, सदरा सापडला. श्रावण सापडला नाही.

१९८२ सालच्या दिवाळीनंतरचा आठवडा होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात हिरालाल एका म्हाताऱ्याच्या मोडलेल्या मनगटाला प्लास्टर घालत होता. तेवढ्यात शिपायानं दारातूनच निरोप सांगितला.

"हिरालालभाऊ, तुमच्या भाटव्याले वाघानं नेलं."

श्रावण म्हणजे हिरालालच्या धाकट्या बहिणीचा, शकुनबाईचा नवरा. पांढरझरीच्या राष्ट्रीय उद्यानात रोजंदारीवर चौकीदार होता. हिरालालनं उरलेली पट्टी गुंडाळली. प्लास्टर घट्ट होईपर्यंत म्हाताऱ्याचा हात धरून ठेवला, आणि मगच आपले हात धुतले. अकरा वर्षं तो हेच काम करत होता.

साकोलीपर्यंत एसटी, पुढं मागून घेतलेली सायकल. गुरुवारी उन्हं कलताना तो पांढरझरीला पोचला.

शकुनबाई पडवीत बसली होती. रडत नव्हती. तिच्या दोन्ही पोरी आत जेवत होत्या आणि श्रावणचा धाकटा भाऊ सेवकराम त्यांना वाढत होता. सेवकराम उद्यानाच्या विश्रामगृहात खानसामा होता. दोन दिवस झाले, तोच दोन्ही वेळा येऊन चूल पेटवत होता.

"कवा गेला होता?" हिरालालनं विचारलं.

"मंगळवारी, उजाडाच्या आंधी. धानात जनावर येऊन राहिलं ना दादा रोज. बांधावर चक्कर मारतो, तिकडूनच डूटीवर जाईन म्हने."

"मंग?"

"मंग काय. दुपारी भय्याजी फॉरेस्टर आले. नालीजवळ काठी अन् सदरा भेटला म्हने."

"वावर कोण पाहून राहिलं आता?"

"भाऊजीच. हलका धान कापून पडला होता. काल एकट्यानंच पेंढ्याईचा पुंजना रचला त्याईनं."

"काल? भाऊ सापडून नाई राहिला, अन् धान रचला?"

दारातून सेवकराम म्हणाला, "पाखरं खाऊन टाकतीन ना भाऊ. या पोरीईनं काय खावं मंग?"

त्याचे डोळे सुजलेले होते. हिरालालनं पुढं विचारलं नाही.

संध्याकाळी तो विश्रामगृहावर गेला. ठाण्यातून आलेले जमादार तिथं एका खोलीत उतरले होते. टेबलावर सदरा आणि काठी ठेवली होती.

"ओढत नेल्याचा माग?" हिरालालनं विचारलं.

"नाही."

"रक्त?"

"सदऱ्यावर आहे. जमिनीवर नाही."

"ठसे?"

"अकरा. बांधाखालच्या नालीत, काळ्या चिखलात, एका ओळीनं. भय्याजीनं पाहिले, पंचनाम्यावर सही केली. फायलीसाठी मी एकाचा प्लास्टरचा साचाही भरून घेतला त्याच्याकडून. कायले विचारून राहिले तुम्ही? दवाखान्याच्या माणसाले वाघाचं काय समजते?"

"काही नाही समजत जी," हिरालाल म्हणाला.

त्यानं सदरा उलगडला. छातीवर रक्ताचा डाग होता. कापड खांद्याशी फाटलं होतं, पण सहाही बटणं जागेवर होती आणि सहाही काजातून काढलेली होती. मग त्यानं काठी उचलली. टोकाला लोखंडी टोपी होती. टोपीच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा लोखंडाचा मणी वितळून थिजला होता आणि वरचं लाकूड चार बोटं काळं पडलं होतं.

"शेकोटी उकरली असन," जमादार म्हणाले.

हिरालालनं काठी होती तशी ठेवली.

शुक्रवारी सकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात गर्दी होती. दिवाळीच्या सुट्टीतले नागपूरचे पाहुणे जंगल बघायला निघाले होते. जमादारांनी भरून घेतलेला साचा तिथंच एका टेबलावर सुकत ठेवला होता. एका बाईनं त्याच्याशेजारी आपला पंजा ठेवला आणि तिच्या नवऱ्यानं फोटो काढला.

"याच वाघानं नेलं ना माणसाला?" तिनं विचारलं.

"हो जी," भय्याजी फॉरेस्टर म्हणाला. पाहुण्यांना चितळ दाखवताना त्याचा आवाज असाच असायचा.

भय्याजी पंधरा वर्षं याच जंगलात होता. श्रावणला त्यानंच कामाला लावलं होतं. हिरालालनं जीपमध्ये जागा मागितली, तेव्हा त्यानं लगेच पुढची सीट दिली.

"या ना पाहुणे. तुमालेही दाखवतो कुठं झालं ते."

जीप सागाच्या झाडांतून निघाली. रानगवे दिसले, मोर दिसले. एका वळणावर धुळीत ताजे ठसे होते. भय्याजी उडी मारून उतरला, उकिडवा बसला आणि पाहुण्यांना काडीनं दाखवू लागला.

"हा पुढचा पाय, रुंद. हा मागचा, लांबट. आता पाहा, उजवा, मंग डावा, परत उजवा. मागचा पाय पुढच्याच्या ठशाजवळच पडते. दोन ठसे दाखवा मले, वाघ का वाघीण ते सांगतो."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं जीप नालीजवळ थांबली. जमादारांनी ठशांवर टोपल्या उपड्या घातल्या होत्या. पाहुणे टोपल्या उचलून पाहू लागले. हिरालालनं अकराही टोपल्या एकेक करून उचलल्या आणि प्रत्येक ठशाशी वाकून, वेळ घेऊन पाहिलं.

भय्याजी मात्र जीपमधून उतरला नाही. ड्रायव्हरशी बोलत बसून राहिला.

वाघ दिसला नाही. पाहुणे हिरमुसून परतले. नाश्त्याला सेवकरामनं पोहे आणले, तेव्हा त्यांतला एक जाडसा गृहस्थ म्हणाला, "काय खानसामा, दसऱ्याला आलो तेव्हा ते जंगली मटण केलं होतं तू. आज नाही का?"

सेवकरामच्या हातातला चमचा थांबला. त्यानं भय्याजीकडं पाहिलं. भय्याजी टोपी उचलून बाहेर गेला.

जेवणघरात एक काचेचं कपाट होतं. खालच्या फळीवर पाहुण्यांच्या बशा होत्या. वरच्या फळीवर मे महिन्यातल्या वाघांच्या मोजणीत भरलेले साचे मांडले होते, आणि प्रत्येकाला चिठ्ठी होती.

"याची किल्ली कोनाजवळ रायते?" हिरालालनं विचारलं.

"एक माझ्याजवळ, बशांसाठी," सेवकराम म्हणाला. "एक भय्याजीजवळ."

"उघड बरं."

हिरालालनं एक साचा खाली घेतला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पांढरा गाळ, झरीचा काठ, डावा मागचा'. तो साचा खिडकीशी नेऊन त्यानं बराच वेळ पाहिला. मग जमादारांच्या खोलीचं दार वाजवलं.

"माझ्या बहिणीले बोलावून घ्या जी. अन् भय्याजीलेही."

दुपारी पाहुणे झोपले होते. जेवणघराचं दार लोटून घेतलेलं होतं. शकुनबाई भिंतीशी बसली. सेवकराम मोरीजवळ उभा राहिला. भय्याजी खुर्चीवर होता, वारंवार घड्याळ बघत होता. हिरालालनं दोन साचे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"जमादारसाहेब, हा मेमधला. हा तुम्ही भरून घेतलेला. प्लास्टर घाईनं कालवलं की बुडबुडे रायतात. सुकल्यावर त्या जागी खळगे पडतात. अकरा वर्षं झाली, कोनत्या दोन प्लास्टरले एका जागी खळगे मी पाहिले नाही. आता हे पाहा."

मेमधल्या साच्याच्या गादीवर दोन खळगे होते आणि कडेच्या बोटाखाली एक. दुसऱ्या साच्यावरही गादीवर दोन आणि कडेच्या बोटाखाली एक. जमादारांनी बोट फिरवून पाहिलं.

"वाघाच्या पायाले खळगे नसतात," हिरालाल म्हणाला. "ते या साच्याले होते. मंग मंगळवारच्या ठशात कसे आले?"

जमादार हळूच म्हणाले, "हा साचाच चिखलात दाबला."

"अकरा वेळा. म्हनून अकराही ठसे डाव्या मागच्या पायाचे. उजवा एक नाही, पुढचा एक नाही. अन् हे पाहा, हा मेमधला साचा भरला होता पांढऱ्या गाळात, खळग्यात चिखल आहे काळा. धुतला, पन खोलातला निघाला नाही."

"साचा कोणी काढला?"

"किल्ल्या दोघाजवळ. भय्याजी हे काम करन तर असं करनार नाही. पंधरा वर्षं ठसे पाहनारा माणूस चार पायाचा वाघ चालवीन. ज्यानं साचे फक्त कपाटात पाहिले, त्यानं हे केलं."

मोरीजवळ भांडं पडलं. शकुनबाईनं मान वर केली.

"भाऊजी?"

सेवकराम पडलेलं भांडं उचलायला वाकला.

"काठी जळली होती," हिरालाल पुढं म्हणाला. "शेकोटीनं लोखंड वितळत नाही. तारेनं वितळते. करंटनं भाजलेली मानसं आमच्या दवाखान्यात दर साली येतात, धान पिकले का. पाहुन्याईले जंगली मटण पाहिजे. मोटारपंपाच्या लाईनवर आकडा टाकायचा, बांधावर उघडी तार ताणायची. चितळ येते धानात. मंगळवारी चितळ नाही आलं."

"मले वाटलं तो डूटीवर सीधा जाईन," सेवकराम एकदम बोलला. "वहिनी, मले वाटलं सीधा जाईन. धुकं होतं. मी तार गोळा कराले गेलो तं तो पडून होता. सदरा काढला, छाती चोळली..."

"त्यावर रक्त?" जमादारांनी विचारलं.

"कोंबडीचं. मागून लावलं."

शकुनबाई उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"छाती चोळली म्हंजे जित्ता होता का?"

सेवकरामनं मान डोलावली.

"किती वेळ?"

"होता... घंटाभर होता. मी पळत आलो इथं. जीप मांगाले आलो वहिनी. साकोलीले दवाखान्यात नेलं असतं त्याले."

खोलीतले सगळे भय्याजीकडं वळले.

"खोटं बोलून राहिला," भय्याजी म्हणाला. "मले यातलं काही माहीत नाही."

"जीप पाहुन्याईले घेऊन निघून राहिली, म्हने," सेवकराम रडत होता. "तार कोनं लावली ते विचारतीन, म्हने. तुह्यं तू पाहून घे, म्हने. मी वापस गेलो तं..."

"भय्याजी," हिरालाल म्हणाला, "सकाळी तुम्ही दोन ठशात वाघ का वाघीण ते सांगतो म्हणाले. अकरा ठसे एकाच पायाचे होते. ते तुमाले पाहताबरोबर समजले. तरी सही केली. अन् आज नालीजवळ जीपमधून उतरले नाही."

भय्याजीनं टोपी मांडीवर ठेवली. "घाईत पाहिलं," तो म्हणाला. "माणसाची चूक होते."

मग त्यानं परत घड्याळ पाहिलं.

"कुठं ठेवलं त्याले?" शकुनबाईनं विचारलं.

सेवकरामला सांगता येईना. हिरालालला सांगायचं नव्हतं. पण ती आता त्याच्याकडंच बघत होती.

"परवा रचलेला पुंजना उचलावा लागन, बाई."

तिनं सेवकरामचा खांदा धरला. मारेल असं जमादारांना वाटलं. ते पुढं झाले. पण ती मारणार नव्हती.

"मी काल त्या पुंजन्याले टेकून बसली होती," ती म्हणाली. "दुपारभर."

पेंढ्या तिनं स्वतः उचलल्या. हिरालालनं आणि गावातल्या चौघांनी माती काढली. श्रावण फार खोल नव्हता. सेवकरामनं त्याला आपल्या घोंगडीत गुंडाळलं होतं. तळव्यावर आणि पायावर भाजल्याच्या खुणा होत्या. हिरालालनं त्या पाहिल्या आणि घोंगडी परत झाकली. दवाखान्यात नेलं असतं तर श्रावण जगला असता का, हे शकुनबाईनं त्याला विचारलं. त्यानं खरं सांगितलं, की वेळेवर नेलेले पुष्कळ जगतात. ते सांगितल्याचं त्याला पुढं कित्येक वर्षं वाईट वाटत राहिलं.

सेवकरामला शिक्षा झाली. त्यानं सगळं कबूल केलं, आणि भय्याजीचं नाव प्रत्येक वेळी घेतलं. पण मंगळवारच्या सकाळी जीप मागताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, मी टायर बघत होतो. मटण खाल्लेले पाहुणे साक्षीला आले नाहीत. पंचनाम्यातली चूक हलगर्जीपणा ठरली, आणि भय्याजीची बदली झाली दुसऱ्या जंगलात. तिथंही पाहुणे येत.

हिरालालनं बहिणीला भंडाऱ्याला चल म्हटलं. तिनं वावर सोडायला नकार दिला. तिनं नवऱ्याच्या जागी चौकीदारीचं काम मागितलं. बाईमाणसाला जंगलात ठेवत नाहीत, असं उत्तर आलं. विश्रामगृहाचं स्वयंपाकघर तेवढं रिकामं होतं. पोरींसाठी तिनं ते घेतलं.

पहिल्याच दिवशी तिनं नव्या फॉरेस्टरला सांगितलं, "मी वरण, भात, भाजी रांधीन. मांस नाही रांधणार."

तो हो म्हणाला. भला माणूस होता. पण होळीच्या सुट्टीत पाहुणे आले आणि जेवणाबद्दल तक्रारी लिहून गेले. दोन आठवड्यांनी त्यानंच येऊन, तिच्याकडं न बघता, उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

शकुनबाईनं चूल विझवली, भांडी घासून पालथी घातली आणि घरी गेली.