थंड रेडिएटर

मिस्त्रीचा चेहरा उरला नव्हता. कातडी सोलून गळ्यावर लोंबत होती. डोक्याखाली गॅरेजच्या फरशीवर रक्ताचं थारोळं साचलं होतं. शेजारच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि रेडिएटरचं झाकण खाली पडलं होतं.

पोलिसांना फोन करणारा गाडीचा मालक, शहरातला बडा वकील, खुर्चीत बसून घाम पुसत होता.

"काय झालं?" फौजदारबाईंनी विचारलं.

"माझ्या डोळ्यांदेखत झालं हो! इंजिन उकळत होतं. यानं झाकण उघडलं, उकळतं पाणी तोंडावर उडालं आणि हा मागे आपटला."

बाईंनी प्रेताचं डोकं वळवून पाहिलं. "एकदा पडून कवटी दोन ठिकाणी फुटत नाही, साहेब."

वकील गडबडला. "मी फोन करायला रस्त्यावर गेलो होतो. तेवढ्यात कुणी आलं असेल."

हवालदारानं त्या 'कुणी'ला आधीच धरून आणलं होतं. मिस्त्रीचा धाकटा भाऊ, वीस वर्षं इथंच राबणारा. काल त्यानं मोठ्याला भर रस्त्यात पान्यानं बडवलं होतं, अख्ख्या गल्लीनं पाहिलं होतं. बेड्या घातलेला तो "मी नाही मारलं" एवढंच घोकत होता. जन्मठेप त्याच्यासमोर उभी होती.

बाईंनी इंजिनाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग रेडिएटरवर ठेवला तो तिथेच राहू दिला. आत बोट बुडवलं. पाणी काठोकाठ होतं आणि गार होतं.

बाकावर स्टोव्ह होता, त्यावर रिकामं पातेलं.

"हे कशाला?"

"थर्मोस्टॅट तपासायला," धाकटा म्हणाला. "उकळत्या पाण्यात टाकायचा. झडप उघडली तर चांगला."

"तो आता कुठाय?"

"गाडीत बसवलेला दिसतोय."

"काढ."

बेड्या निघाल्या. त्यानं फडक्याआडून बोल्ट सैल केले, वाफ जाऊ दिली, आत पाहिलं आणि चिडलाच. "कुठल्या गाढवानं बसवला हा? उलटा आहे! स्प्रिंग इंजिनाकडे हवी. असा बसवला तर झडप उघडत नाही, गरम पाणी रेडिएटरमध्ये येतच नाही."

"ऐकलंत, वकीलसाहेब? झाकणातून उकळतं पाणी उडणं शक्यच नव्हतं. उकळतं पाणी होतं ते या पातेल्यात. तुम्ही पान्याचे दोन घाव घातले आणि पातेलं तोंडावर ओतलंत. अपघात दाखवायला इंजिन तापवावं लागणार, आणि थर्मोस्टॅटची जागा उघडी ठेवली तर सगळं पाणी गळून जातं, म्हणून तो घाईघाईनं बसवलात. धाकट्यानं तो डोळे मिटूनही सुलटा बसवला असता. आणि हा रेडिएटर नवाकोरा आहे. जुना कुठाय? डिकी उघडा."

डिकीत जुना रेडिएटर होता. जाळी आत दबलेली, त्यात वाळलेलं रक्त आणि पांढरे केस. आठ दिवसांपूर्वी एका म्हातारीला चिरडून गाडीवाला पळाला होता.

वकील पाना उचलून बाईंवर धावला. हवालदाराची काठी मनगटावर बसली आणि हाड कडकन मोडलं.

"पोलिसांत जाणार होता तो!" वकील जमिनीवर लोळत किंचाळला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

वकिलानं धाकट्याकडे पाहिलं.

"मीच," धाकटा म्हणाला. "दादाला ते केस दिसले. मोठ्या माणसाच्या वाटेला जाऊ नको म्हणून काल मी त्याला मारलं. तरी ऐकेना. मग यांना सांगितलं, गाडी लवकर घेऊन जा, दादा गप्प बसणार नाही." तो भावाच्या पायांशी मटकन बसला. "मला त्याला वाचवायचं होतं, बाई."