सेलूच्या जिनिंगमधली साखळी

माझं काम संशय घेण्याचं. निजाम सरकारनं मला कारखाने तपासायला नेमलंच त्यासाठी होतं. १९४३ च्या माघात सेलूच्या एका जिनिंग कारखान्यात गाठी उचलायची साखळी तपासायला गेलो. तिच्याखाली सात बाया कापूस निवडत बसत. साखळी तुटली तर पाच मणांची गाठ त्यांच्या डोक्यात पडणार. सही करायची ती हे डोळ्यांसमोर ठेवूनच.

सकाळी साखळीच्या अकरा कड्यांची लांबी मोजली. गाठीच्या सवापट वजन तासभर टांगलं, उतरवलं, पुन्हा मोजली. सुताचाही, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचाही फरक नव्हता.

"मंग करा की सही," मॅनेजर दिनकरराव म्हणाले.

ती घाई मला खटकली. मी जेवून आलो आणि पुन्हा मोजली. साखळी एक सूत लांबली होती.

कुठंतरी पाणी मुरत होतं. माझ्या माघारी यांनी चोरून गाठी उचलल्या असणार. मी दिनकररावांना नाही नाही ते बोललो. मग सगळ्यांना बाहेर काढलं, आतून कडी लावली आणि साखळीसमोर स्टूल टाकून बसलो.

साखळीच्या टोकाचा आकडा रिकामा होता. तरी साखळी ताठ होती, जराही हलत नव्हती. छताकडून कापसाचे तंतू तरंगत खाली येत होते. आकड्याखाली आले की ते हवेतच थांबत, मग बाजूनं घसरत. मी वाऱ्याची फट शोधली. सापडली नाही.

तासाभरानं मोजलं. आणखी एक सूत.

मी घाबरलो होतो आणि घाबरल्याचा मला रागही आला होता. दार उघडून ओरडलो, "साखळी नापास! आत्ताच्या आत्ता उतरवा."

निवडणाऱ्या बायांतली कडूबाई आडवी आली. "काढू नका, साहेब. आमी धा वर्सं तिच्याखाली बसायलोत. ती हाय तवर ते वर हाय."

"ते म्हणजे काय?"

तिनं रिकाम्या आकड्याकडं बोट दाखवलं.

"सही करा म्हणलो होतो," दिनकरराव खाली बघत पुटपुटले.

हिला यांनीच पढवलेलं दिसतंय. मी फिटर सिद्रामप्पाला खूण केली. त्यानं साखळी काढून बाहेर नेली.

"आता धोका नाही," मी बायांना म्हणालो. "बसा."

कुणी बसलं नाही.

खाली पसरलेल्या कापसात माणूस बसावा एवढा खळगा पडला.

मग तो हळूहळू भरून आला, आणि हातभर पुढं, कडूबाईच्या बाजूला, दुसरा पडला.