कातळीची मुळं

ज्या भाताचे लाड केले तो माना टाकून बसला होता आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही तो मात्र मजेत डुलत होता! वैजूला हे कोडं काही केल्या सुटेना. शेवटी ती बांधावर बसली आणि तिने सरळ भोकाड पसरलं.

ही गोष्ट पुढच्या काळातली आहे. तेव्हा माणसं चंद्रावर घरं बांधू लागली होती. सह्याद्रीच्या माथ्याजवळ, चिंचमाळावरच्या वैजूच्या घरी मात्र भात अजून जुन्याच रीतीने पिकत होता. इथे पाणी साठवणारी खाचरं नव्हती. उतारच असा, की पाणी थांबायचं नावच घेत नसे. म्हणून इथे पेरायचा तो डोंगरभात (चिखल न करता, साचलेल्या पाण्याशिवाय वाढणारा भात). त्यातली कातळी नावाची जात आता फक्त याच घरात उरली होती. गेल्या साली रानडुकरांनी शेत उधळलं आणि तिचं बी जेमतेम ओंजळभर राहिलं.

या घराची एक रीत होती. दर वर्षी घरातल्या एका मुलाला राखणीचा वाफा द्यायचा. त्यात पिकेल ते कुणी खायचं नाही, ते पुढच्या वर्षीचं बी. यंदा ती पाळी वैजूची होती आणि उरलेली सगळी कातळी तिच्याच वाफ्यात पेरली होती. वाफा गेला तर कातळी जगातूनच गेली. एवढं मोठं ओझं त्या चिमुरडीच्या डोक्यावर होतं, मग तिने जिवापाड जपायला नको का?

तिने जपलं. तिची आई खालच्या खोऱ्यातली, खाचरांच्या गावातली. ती म्हणाली होती, "अगं, भात हाय तो. पान्याबिगर भात कसा व्हायचा?" झालं! वैजू रोज संध्याकाळी टाकीतून कळशी भरून वाफ्यावर शिंपू लागली. पण वाफ्याच्या मधोमध एक थोराड धोंडा होता. त्याच्यापलीकडे, वरच्या अंगाला कळशी घेऊन चढणं तिला जमेना. त्यामुळे पाणी मिळालं ते फक्त खालच्या अर्ध्याला. मग पाऊस दडी मारून बसला, टाकी तळाला गेली, शिंपणं थांबलं, आणि आठवडा उलटायच्या आत खालच्या भाताची पानं सुरळीसारखी गुंडाळली गेली.

वैजूचं रडणं ऐन रंगात आलेलं असताना आबा डोंगर चढून आले. आबा म्हणजे वैजूचे आजोबा. शहरातल्या प्रयोगशाळेत ते मातीचा अभ्यास करत. त्यांच्या मागून लांब नाकाचा, मांजराएवढा एक यंत्रमानव तुरुतुरु येत होता. आबांनी त्याचं नाव चिचुंद्री ठेवलं होतं आणि त्याला ते बिलकूल आवडत नसे.

"आबा, मी तर रोज पानी घातलं व्हतं," वैजू हुंदके देत म्हणाली. "वरच्याला एक थेंब नाय दिला. मग तो कसा हिरवा?"

आबा हसले नाहीत की रागावलेही नाहीत. "पोरी, आपन वरवरच बघतो ना, म्हनून कोडं पडतं. चल, खाली बघू."

त्यांनी तिच्या डोळ्यांवर एक चष्मा चढवला. चिचुंद्रीने नाक जमिनीला टेकवलं आणि आपल्या पुस्तकी भाषेत सांगितलं, "मी भूमीत रेडिओतरंग सोडत आहे. ओली माती, कोरडी माती आणि मुळे यांवरून ते निरनिराळ्या प्रकारे परततात. त्यांवरून मी चित्र रेखाटतो. कृपया स्थिर राहावे."

वैजूच्या पायाखालची जमीन जणू काचेची झाली! ती घाबरून एक पाऊल मागे सरली आणि मग बघतच राहिली. धोंड्यापलीकडच्या भाताची मुळं सरळ खाली गेली होती. मुरमातून, दगडांच्या चिरांतून, एकमेकांना वळसे घालत, तिच्या छातीला लागेल एवढ्या खोल. तिथे गडद निळा पट्टा दिसत होता. तो होता महिन्यापूर्वीच्या पावसाचा ओलावा! वर एवढंसं रोप आणि खाली एवढं मोठं राज्य. वैजूचं रडणं कुठल्या कुठे पळालं.

"यांना कुनी सांगितलं खाली जायला?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

आबांनी खिशातून औषधाची रिकामी बाटली काढली, तिच्यात पाणी आणि चिमूटभर वाळू घातली आणि ती आडवी केली. वाळू खालच्या बाजूला जाऊन बसली. "मुळाच्या टोकाला अशाच इवल्या इवल्या बाटल्या असतात. त्यांना म्हनतात पेशी (ज्यांच्यापासून सगळे सजीव बनतात ते सूक्ष्म कप्पे). त्यांच्यात पिठुळ कण असतात. कण जिकडं बसतात तिकडं खालची बाजू, हे मुळाला कळतं. याला म्हनायचं गुरुत्वानुवर्तन (पृथ्वीची ओढ ओळखून त्या दिशेने वाढणं). खाचरातल्या बऱ्याच भातांची मुळं वरच्या थरातच पसरतात, कारन पानी तिथंच असतं. आपली कातळी मात्र नाकासमोर खाली जाते."

मग वैजूने खालच्या अर्ध्याकडे पाहिलं. तिथली मुळं वीतभर खोलीवरच जाळं करून बसली होती. तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पडला.

"संध्याकाळी पानी घरपोच मिळायचं. मग कशाला जातील खाली?" ती म्हणाली. "आबा, मीच बिघडवलं."

"मायेनं बिघडवलंस," आबा म्हणाले. "आता मायेनंच सावरायचं. पन जरा कठीन माया करावी लागंल."

चिचुंद्रीने नाकाने रोपांच्या ओळींमध्ये कोपरभर खोल भोकं पाडली. आबांनी त्यांत बांबूच्या नळ्या बसवल्या. घरात सांडपाणी होतं तेवढं, भांडी विसळलेलं नि तांदूळ धुतलेलं, वैजूने नळ्यांतून थेट खोल सोडलं. वरून मात्र एक थेंबही द्यायचा नाही, असं ठरलं. संध्याकाळी मलूल पानं बघून तिचे हात शिवशिवायचे. आईसुद्धा म्हणायची, "वाईच शिंपडू का गं?" वैजू ओठ घट्ट मिटून नकाराची मान हलवायची.

पण सकाळी चष्मा लावला की तिला वेगळीच दुनिया दिसे. मुळांची पांढरी टोकं हळूहळू ओलाव्याकडे वळत होती. काल जिथे होती त्याच्याहून आज बोटभर खाली. डोळे नाहीत, कान नाहीत, तरी पाण्याचा माग काढत चालली होती. वैजू श्वास रोखून बघत बसे. आपण ज्यावर रोज नाचतो-बागडतो त्या जमिनीखाली एवढं सगळं गुपचूप चाललेलं असतं, या विचाराने तिच्या अंगावर काटा येई. हळूहळू पानांच्या सुरळ्या उलगडल्या. पाऊसही उशिरा का होईना, परतला.

कापणीला वरच्या अर्ध्यात टपोऱ्या लोंब्या आल्या. खालच्यात मात्र थोड्याच आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच पोचट निघाल्या. वैजूने दोन पेंढ्या वेगळ्या बांधल्या आणि खालची पेंढी बाजूला सारली.

"ही बियाला नको. आळशी हाय ही, हिची पोरंबी आळशी व्हतील."

"असं कसं?" आबा म्हणाले. "दोन्हीकडं बी एकच पेरलं व्हतं ना? लाड झाले ते या रोपाचे. बियात जातात ती जनुकं (पिढ्यान् पिढ्या पुढे पोचणाऱ्या गुणांची शिदोरी). महिनाभर कळशी शिंपली म्हनून ती बदलत नाहीत. खरं वाटत नाय? पारखून बघ."

बी नीट सुकल्यावर वैजूने खालच्या पेंढीतले भरलेले दाणे काचेच्या पेल्यात, ओल्या कापडाला चिकटवून ठेवले. काही दिवसांत पांढरं टोक फुटलं आणि सरळ खाली निघालं. तिने मुद्दामच पेला आडवा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मुळाने वळण घेतलं होतं आणि पुन्हा खालचीच वाट धरली होती!

"इसरलं नाय!" ती ओरडली. "आई, आबा, बघा ना, ते काईच इसरलं नाय!" आणि आनंदाने तिला रडू फुटलं.

तिने दोन्ही पेंढ्यांचं निवडक बी एकत्र केलं आणि राखेत घोळवून कणगीत ठेवलं. मग एकदम थबकून तिने विचारलं, "आबा, चंद्रावर पृथ्वीसारखी ओढ नसते ना? तिथं मुळाला खालची बाजू कळंल?"

आबांनी चिचुंद्रीकडे पाहिलं. चिचुंद्रीने लांब नाक वर उचललं.

"तेथील ओढ क्षीण आहे," तो म्हणाला. "कातळीला ती पुरेल का, हे मला ठाऊक नाही. पेरून पाहावे लागेल."

वैजूने कणगीतून मूठभर बी काढलं, फडक्यात बांधलं आणि आबांच्या हातात दिलं.

"हे चंद्रावरच्या मान्सांना द्या," ती म्हणाली. "आन् त्यांना सांगून ठेवा, रोज संध्याकाळी शिंपू नका म्हनावं!"