बारावा नर

मे महिना होता, दोन हजार चारचा. शिरोली एमआयडीसीला सोमवारी सुट्टी, म्हणून तिथं कामाला असलेला माझा धाकटा भाऊ उन्मेष मोटारसायकलवर प्लास्टरची पिशवी बांधून माझ्याबरोबर कुरुंदवाडला आला. नदीकाठच्या दरडीतून एका रानबैलाची हजारो वर्षांपूर्वीची कवटी सोडवून आणायची, एवढंच काम होतं.

मी सहा वर्षं कॅनडात जीवाश्मांचा अभ्यास करून परतले होते. तिथली नोकरी सोडली म्हणून घरच्यांनी मला वेड्यात काढलं. पण आपल्या नदीची हाडं आपल्या माणसांना बघायला मिळावीत, कोल्हापुरात त्यांचं एक खरं संग्रहालय व्हावं, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. खरं अशासाठी, की कुठल्याही संग्रहालयात नर जास्त आणि माद्या कमी असतात. गोळा करणाऱ्याला मोठी शिंगं आवडतात, मादीचं बारीक हाड तो तिथंच टाकून येतो. मी तसं करणार नव्हते. सापडेल तो तुकडा उचलायचा आणि मोजायचा.

तसं मोजूनही या दरडीतल्या आधीच्या दहाच्या दहा कवट्या नरांच्या निघाल्या होत्या. सगळे तरुण. त्या दुपारी दरडीतली अकरावी कवटी मोकळी झाली, मी शिंगाचा बुंधा मोजला, नराचा जाड असतो, आणि पुन्हा एकदा मोजला.

"हा पण?" उन्मेषनं विचारलं.

"हा पण."

वर गावातली बनाबाई म्हशी चारत होती. सत्तरीची, पण आवाज खणखणीत. गाळातून म्हशी पाण्यावर नेताना तिनं एक तरणा टोणगा दोरीनं म्हाताऱ्या म्हशीच्या गळ्याला बांधला.

"आज्जी, त्याला कशाला बांधलाय?" उन्मेष हसला. "लगीन लावताय व्हय?"

"हस की, हस. एकला नर दिसला की ही माती सोडत न्हाय त्याला. म्हातारीला वाट ठावं हाय. तिच्या शेपटामागनं गेलं की कायबी हुईत न्हाय." मग त्याच्याकडं रोखून बघत म्हणाली, "पावणं, तुमीबी हितं एकलं थांबू नगासा."

"का वो? मगर हाय?"

"मगर दिसती तरी."

ती म्हशींमागं गेली. माझं अंग मात्र शहारलं होतं, आनंदानं. अकरा नरांचं उत्तर त्या बाईनं दोन वाक्यांत दिलं होतं! माद्या कळपानं राहतात, जाणत्या मादीमागून चालतात. तरुण नर कळपाबाहेर पडतो, एकटा भटकतो आणि फसव्या गाळात रुततो. हे मला तत्काळ लिहून ठेवायचं होतं. वही वर, मोटारसायकलच्या पिशवीत.

"थांब हं, आलेच," म्हणून मी दरड चढले. त्याला एकटं सोडून.

दहा मिनिटं लिहीत बसले असेन. मग जाणवलं, कसलाच आवाज नाही. बगळ्यांचा नाही, पाण्याचा नाही. फक्त वास होता, खूप दिवस बंद असलेल्या कपाटासारखा, कोरडा, हाडांचा.

मी दरडीच्या कडेशी धावले. उन्मेष छातीपर्यंत गाळात होता. धडपडत नव्हता. शांतपणे समोर, मोकळ्या गाळाकडं बघत होता.

मी किंचाळले. बनाबाईनं म्हातारी म्हस वळवून आणली, दोर टाकला, मी खाली उतरून गाळावर आडवी पडून तो त्याच्या काखेतून बांधला. म्हशीनं पाऊल पाऊल मागं घेत त्याला ओढलं. काठावर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते.

"हाक का मारली नाहीस?"

"मारली की ताई... तू ओ दिलीस." त्यानं गाळाकडं बोट केलं. "तिथनं. म्हणालीस... सगळे हितंच हाईत, ये."

बनाबाईनं तोंडावर पदर घेतला.

त्याच्या डाव्या मुठीत काहीतरी होतं. कधी उचललं, त्याला आठवत नव्हतं. माणसाचा खालचा जबडा. काळा, दगडासारखा जड, त्या अकरा रानबैलांइतकाच जुना. पुरुषाचा. अक्कलदाढ अर्धीच वर आलेली, म्हणजे वय बावीस-तेवीस. उन्मेष तेव्हा बावीसचा होता.

घरी येऊन मी तो ब्रशनं धुतला आणि माझ्या हातातून तो बेसिनमध्ये पडला. डावीकडच्या दाढेत चांदी भरलेली होती. टिकलीएवढा ठिपका, त्याला एका बाजूला शेपूट. खाली पुढचा एक दात अर्धा तुटलेला.

हजारो वर्षांपूर्वीच्या दाढेत चांदी कोण भरणार?

उन्मेष झोपला होता. त्याला उठवलं, बॅटरी लावून तोंड उघडायला लावलं. सगळे दात शाबूत, एकही भरलेला नाही. "येडी झालीस का गं?" तो पुटपुटला. मी न्हाणीघरात जाऊन रडले, सुटल्यासारखी.

नोंदवहीत मी अकराच लिहिले. जबडा कपाटात कुलपात ठेवला.

ऑगस्टमध्ये उन्मेष डेंटिस्टकडून आला. गाल सुजलेला. "बघ ताई, चांदी भरली," म्हणत त्यानं माझ्यासमोर आ केला.

खालची डावी दाढ. टिकलीएवढा ठिपका. त्याला शेपूट.

तेव्हापासून मी त्याला नदीकडं जाऊ देत नाही. बनाबाईच्या बोलण्याची आठवण दिली, हाता-पाया पडले. तो हसतो. आणि तो हसला की मी आधी खालचा पुढचा दात बघते. शाबूत असला की तेवढा दिवस माझा.

आता तो तेवीसचा झालाय. काल सोमवार होता. तो दुपारभर कुठं होता, सांगेना. चपला बाहेर वाळत होत्या. जेवताना आई काहीतरी बोलली आणि तो हसला, पण तोंडावर हात धरून.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"कुठं काय?" तो म्हणाला. हात काढला नाही.